पहिला खाऱ्या पाण्याचा टँक: जुना ड्राय रॉक कमी पाण्यात कसा तयार करावा?

मांजराकाठ, लातूर — ११ जानेवारी

नमस्कार मंडळी. आठ वर्षं गोड्या पाण्यातले मासे सांभाळतोय. आता पहिल्यांदाच खाऱ्या पाण्याकडे वळायलोय आणि पहिल्याच पायरीवर अडलोय, म्हणून हा धागा.

टँक ३ × दीड × दीड फूट. दगड-वाळू टाकल्यावर पाणी १५० लिटरच्या आसपास बसेल. पुण्यात एका गृहस्थांनी जुना टँक मोडला, त्यांच्याकडून १४ किलो ड्राय रॉक (खाऱ्या टँकमध्ये रचतात तो सच्छिद्र दगड, वाळलेला) आणलाय. त्यांच्या गच्चीवर वर्षभर पोत्यात पडून होता. वरून पांढराफटक दिसतो, पण भेगांमध्ये वाळलेलं शेवाळ आहे, किड्यांच्या चुन्याच्या नळ्या आहेत, आणि दोन दगडांवर चामड्यासारखी साल चिकटलेली आहे. एक दगड ओला करून बघितला तर घरभर सुकटीचा वास सुटला.

एक दुकानदार म्हणाला, नुसता धुऊन टाका. दुसरा म्हणाला, ॲसिडशिवाय पर्याय नाही. माझी अडचण अशी की आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो आणि बोअरचं पाणी टीडीएस (विरघळलेले क्षार) ९००. 'चार वेळा टब भरून धुवा' असं कुणी सांगितलं तर ते पाणी आणू कुठून? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा.

तेरणा, धाराशिव — ११ जानेवारी

मीही याच तयारीत आहे, त्यामुळे धाग्यावर लक्ष ठेवून आहे. एक विचारतो. मोठ्या पातेल्यात चुलीवर तासभर उकळून काढला तर? जंतू मरतील, वास जाईल, पाणीही एकदाच लागेल.

खाम, छत्रपती संभाजीनगर — ११ जानेवारी

तेरणाभाऊ, उकळायचा विचार आत्ताच सोडा. मांजराभाऊ, तुम्ही तर त्या वाटेला जाऊच नका.

ती चामड्यासारखी साल म्हणजे बहुधा वाळलेले झोअँथिड किंवा पॅलिथोआ, दगडाला चिकटून वाढणारे कोरलचे भाऊबंद. यांच्या काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असतं. ते वाळल्याने जात नाही, उकळल्यानेही जात नाही. उलट वाफेच्या थेंबांबरोबर घरभर पसरतं. असे दगड घरात उकळल्यामुळे किंवा घासल्यामुळे घरातली सगळी माणसं दवाखान्यात भरती झाल्याच्या घटना परदेशात नोंदलेल्या आहेत. शिवाय दगडाच्या पोकळीत अडकलेल्या वाफेने दगड तडकतो.

ते दोन दगड माझ्या हातात असते तर मी टाकून दिले असते. ठेवायचेच असतील तर आधी ब्लीचच्या पाण्यात बुडवा आणि मगच ब्रश लावा. ब्लीचने हे विष निकामी होतं. कोरडं खरवडायचं नाही, कारण धूळ नाकात जाते. रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, तोंडाला मास्क, आणि काम गच्चीवर. घरात लहान मुलं असतील तर त्या दिवशी गच्चीचं दार बंद.

दुसरं म्हणजे त्या गृहस्थांना फोन करून विचारा, त्या टँकमध्ये कधी तांब्याचं औषध टाकलं होतं का. माशांच्या व्हेल्वेट आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांबं वापरतात. दगड ते शोषतो आणि पुढे हळूहळू सोडत राहतो. माशांचं एक वेळ निभतं, पण गोगलगायी, झिंगे, कोरल टिकत नाहीत. उत्तर 'हो' आलं तर तो दगड रीफसाठी, म्हणजे कोरलच्या टँकसाठी, वापरू नका.

मांजराकाठ, लातूर — १२ जानेवारी

खामदादा, अंगावर काटा आला. माझी पाच वर्षांची पोरगी त्या पोत्याशेजारीच खेळत होती. ते दोन दगड प्लास्टिकमध्ये बांधून काढून टाकले. आता १२ किलो राहिले.

फोन केला. तांबं कधीच टाकलेलं नाही म्हणाले. पण दोन मोठे टँग मासे होते, दिवसातून तीनदा फ्रोझन खाऊ जायचा, आणि शेवटची दोन वर्षं शेवाळाने हैराण होते. म्हणूनच टँक मोडला.

बिंदुसरा, बीड — १२ जानेवारी

मग तुमच्या दगडाचं दुखणं कळलं. फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खत.

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, घरी चार वर्षांपासून ९० लिटरचा रीफ आहे. हा दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, बहुतेक अरॅगोनाइटच्या रूपात. अरॅगोनाइटच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटून बसतं. पाण्यात फॉस्फेट जास्त असेल तर दगड ते ओढून घेतो, कमी झालं की परत सोडतो. दोन वर्षं भरपूर खाऊ पडलेल्या टँकमधला दगड म्हणजे भरलेलं पोतं आहे. नव्या टँकमध्ये टाकलात की तो ते सगळं पाण्यात सोडेल, आणि त्या गृहस्थांचं शेवाळ तुमच्या घरी येईल.

म्हणून इथे दोन कामं वेगवेगळी आहेत. भेगांतली मेलेली घाण काढणं हे ब्लीचचं काम. दगडात बसलेलं फॉस्फेट काढणं हे ब्लीचचं कामच नाही. दोन्हींना 'धुणं' म्हटलं की गोंधळ होतो.

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराईटचं द्रावण, ४ ते ६ टक्क्यांचं, वास किंवा साबण न घातलेलं. एक भाग द्रावण, दहा भाग पाणी. ग्रामपंचायतीत टाकीत टाकतात ती टीसीएल पावडर नको. त्यात चुना असतो, त्याचा पांढरा साका दगडाच्या छिद्रांत बसतो. आणि दुकानात नुसतं 'हायपो द्या' म्हणू नका. काही जण हायपोक्लोराईटला हायपो म्हणतात, तर जुने फोटोग्राफर सोडियम थायोसल्फेटला. एकाने क्लोरीन मिळतो, दुसऱ्याने क्लोरीन मरतो. बाटलीवरचं पूर्ण नाव वाचून घ्या.

पाच दिवस बुडवून ठेवा. बाहेर काढून एकदा ब्रशने घासा, एकदा खळबळा, आणि उन्हात टाका. पाणी वाचवायचं आहे ना? हायपोक्लोराईट उन्हात तुटतं आणि मागे साधं मीठ उरतं. आपल्याकडच्या उन्हात आठ-दहा दिवस पडलेल्या दगडात क्लोरीनचा वास राहत नाही. शेवटी खात्रीसाठी क्लोरीन काढायचे थेंब टाकलेल्या बादलीभर पाण्यातून काढा. दहा वेळा धुण्याची गरज नाही.

गोदाकाठ, नांदेड — १३ जानेवारी

मी मासे पाळत नाही, फक्त वाचतो. पण राहवत नाही म्हणून लिहितो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते लातूर. तिथे शंभर-दीडशे लिटरचा समुद्र घरात करायचा, त्यासाठी आरओतून पाणी वाया घालवायचं, हे बरोबर वाटतं का? कुणाला दुखवायचं नाही, मनापासून विचारतोय.

मांजराकाठ, लातूर — १३ जानेवारी

गोदाकाठ सर, प्रश्न रास्त आहे. त्या उन्हाळ्यात मी स्वतः टँकरच्या रांगेत घागरी लावल्यात, त्यामुळे हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

माझा हिशोब मांडतो. घरचा आरओ एक लिटर चांगलं पाणी देताना तीन लिटर बाहेर टाकतो. ९०० टीडीएसचं बोअर असेल तर बाहेर पडणारं पाणी बाराशेच्या घरात जातं. ते नळीने टाकीत घेतलंय आणि संडास, फरशी, मोटारसायकल यालाच वापरतो. बोअरमधून तेवढंच पाणी या कामांना जातच होतं. कुंड्यांना मात्र घालत नाही, क्षार साठून माती कडक होते. दगडासाठी एकूण १०० लिटरच्या वर आरओचं पाणी लागू द्यायचं नाही, असं ठरवलंय. ते जमत नसेल तर टँक पुढच्या पावसाळ्यावर टाकेन.

गोदाकाठ, नांदेड — १३ जानेवारी

बोअर आटलं तर काय, हा प्रश्न उरतोच. पण तुम्ही विचार केलाय हे दिसलं. धागा वाचत राहीन.

कुंडलिका, जालना — १४ जानेवारी

एवढी खटपट जुन्या दगडासाठी कशाला? आमच्या शेतात काळ्या मातीखाली चुनखडीचे खडे ढिगाने निघतात. व्हिनेगर टाकलं की फसफसतात, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच ना? विहिरीच्या खोदकामातला काळा दगडही पडलाय, त्यात छिद्रं आहेत. आणि लोणार आमच्यापासून जवळ आहे. तिथलं पाणी खारंच आहे, ते चालणार नाही का?

बिंदुसरा, बीड — १४ जानेवारी

फसफसतं म्हणजे कार्बोनेट आहे, इथवर बरोबर. पण शेतातली चुनखडी मातीच्या पोटात तयार झालेली असते. तिच्यात चिकणमाती आणि लोह मिसळलेलं असतं. वर्षानुवर्षं त्या शेतात डीएपी पडलं असेल, म्हणजे फॉस्फेटच. पाण्यात राहिली की कडा सुटतात आणि गाळ होतो. नको.

विहिरीतला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. वेरूळ ज्यात कोरलं तोच. त्यातली छिद्रं म्हणजे लाव्हातल्या वायूचे बुडबुडे, बहुतेक एकमेकांना न जोडलेली. रीफच्या दगडाचं महत्त्व असं की छिद्रं आतपर्यंत जोडलेली असतात आणि तिथे जिवाणू राहतात. बाहेरच्या थरात ऑक्सिजनवाले, आत ऑक्सिजन कमी तिथे नायट्रेट फोडणारे. बेसॉल्टला ते जमत नाही. त्याच्या पोकळ्यांत गारगोटी, कॅल्साइट आणि आणखी काय काय असतं, ते आपल्याला घरी तपासता येत नाही.

लोणारचं पाणी खारं आहे, पण ते समुद्राचं खारटपण नव्हे. तिथे सोड्याचे क्षार आहेत आणि पीएच १० च्या आसपास जातो. समुद्राचा ८.१ ते ८.३. समुद्रातला मासा त्यात जगणार नाही. आणि ते अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही (जगभरात मान्य झालेली महत्त्वाची पाणथळ जागा). तिथून तांब्याभर पाणीही आणायचं नाही.

कुंडलिका, जालना — १४ जानेवारी

धन्यवाद ताई. मग मीठ तरी खडेमीठ चालेल का? तो समुद्रातूनच येतो.

खाम, छत्रपती संभाजीनगर — १५ जानेवारी

नाही चालत. मिठागरात पाणी आटत जातं तेव्हा आधी चुन्याचे क्षार आणि जिप्सम खाली बसतं, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम वरच्या कडू पाण्यात राहून जातं. हातात येतं ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराईड. टँकला कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (साधारण लिटरला तेवढे मिलिग्रॅम) आणि मॅग्नेशियम १३०० च्या आसपास लागतं. ॲक्वेरियमचं सिंथेटिक मीठच घ्या, लिटरला ३६-३८ ग्रॅम पडतं. घनता १.०२५.

कुणी 'मालवणला जाऊन समुद्रातला जिवंत दगडच आणतो' म्हणायच्या आत सांगून ठेवतो. कोरल वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही. वापरातला जुना दगड पुन्हा नीट करून घेणं मला त्यामुळेच जास्त पटतं.

मांजराकाठ, लातूर — ४ फेब्रुवारी

काम सुरू झालं. ४० लिटर बोअरच्या पाण्यात ४ लिटर हायपोक्लोराईट, पाच दिवस. दुसऱ्याच दिवशी पाण्यावर तपकिरी फेस आला. घासताना भेगांतून नळ्या, शिंपले, कसले कसले तुकडे निघाले. अर्धी बादली गाळ. मग नऊ दिवस गच्चीवर ऊन. आता दगड नाकाशी धरला तरी ना मासळीचा वास, ना क्लोरीनचा.

आज पाणी भरायच्या निळ्या ड्रममध्ये ३० लिटर आरओचं पाणी घेऊन दगड बुडवलाय, छोटा पंप फिरता ठेवलाय. ड्रम खाण्याच्या वस्तूंचा आहे, औषधाचा नाही, हे बघून घेतलं.

मांजराकाठ, लातूर — ९ फेब्रुवारी

फॉस्फेट १.४ पीपीएम. किटच्या रंगपट्टीवरचा सगळ्यात गडद निळा. एवढं धुऊन, घासून, वाळवून!

खाम, छत्रपती संभाजीनगर — ९ फेब्रुवारी

खचू नका. ताईंनी सांगितलंच होतं, ते दगडाच्या आत आहे. आता ॲसिड करा. वरचा थर गेला की त्यातलं फॉस्फेटही गेलं. मी माझे सगळे दगड ॲसिडनेच केलेत.

बिंदुसरा, बीड — १० फेब्रुवारी

खामदादांचा अनुभव माझ्याहून मोठा आहे, तरी मी ॲसिडच्या बाजूची नाही. ३० टक्क्यांचं एक लिटर हायड्रोक्लोरिक ॲसिड जवळजवळ अर्धा किलो दगड विरघळवून टाकतं. बारीक नक्षी जाते, नाजूक फांद्या तुटतात. फॉस्फेट वरच्याच थरात असेल तर उपयोग होईल, पण दोन वर्षं मुरलेलं फक्त वर बसलेलं नसतं. शिवाय नंतर धुवायला पाणी लागतं, आणि तेच तर आपल्याकडे नाही.

करणारच असाल तर हे पाळा. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. एकास दहा. फरशी बसवणारे वापरतात ते पिवळट ॲसिड नको, तो पिवळा रंग लोहाचा असतो. संडास धुवायचं निळं लिक्विड तर अजिबात नको. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दगडात ब्लीचचा अंशही उरलेला नको. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि त्याने माणूस मरू शकतो. दोन्ही बाटल्या एका वेळी गच्चीवर न्यायच्याच नाहीत. झाल्यावर खायचा सोडा टाकून उरलेलं ॲसिड मारा, फसफस पूर्ण थांबेपर्यंत.

मांजराकाठ, लातूर — १० फेब्रुवारी

दोघांचंही पटतंय. मग दोन्ही करून बघतो. सहा किलो ॲसिडमध्ये, सहा किलो तसाच. वेगवेगळ्या टबात, प्रत्येकी १५ लिटर पाणी, सारखे पंप. आकडे इथेच टाकेन.

मांजराकाठ, लातूर — २३ फेब्रुवारी

आकडे असे. ॲसिड लावलेला दगड वाळवून मोजला तर ५ किलो ६०० ग्रॅम भरला, म्हणजे ४०० ग्रॅम गेला. आठवड्याने त्या टबात फॉस्फेट ०.३. न लावलेल्या टबात १.१.

खामदादा, फरक मोठा आहे.

मांजराकाठ, लातूर — १७ मार्च

पाणी न बदलता तसंच चालू ठेवलं होतं. आज ॲसिडवाला टब ०.५५. न लावलेला १.२ वर थांबलाय.

ताई, तुम्ही म्हणालात तसं आतलं बाहेर यायलंय. ॲसिडने आघाडी मिळाली, पण दगड रिकामा झाला नाही.

खाम, छत्रपती संभाजीनगर — १७ मार्च

हे मी कधी मोजलंच नव्हतं. ॲसिड झालं की धुऊन थेट टँकमध्ये, आणि पुढे चार महिने शेवाळ आलं की खाऊला दोष द्यायचा. माझ्या दुसऱ्या टँकचं तसंच झालं असणार. आकडे टाकलेत ते फार बरं केलंत.

बिंदुसरा, बीड — १८ मार्च

आता दोन्ही एका ड्रममध्ये आणा आणि पाणी खारं करा. मग लँथनम क्लोराईड. लँथनम फॉस्फेटला धरतं आणि न विरघळणारा पांढरा साका होतो. पाण्यातलं कमी झालं की दगड आणखी सोडतो, ते पुन्हा धरायचं. पाणी तेच राहतं, हा आपला मोठा फायदा. दरवेळी पाणी बदलून हेच करायचं तर शेकडो लिटर लागले असते.

थेंबाथेंबाने टाका, पाणी दुधाळ होईल. बाहेर ५ किंवा १० मायक्रॉनच्या फिल्टर सॉकमधून फिरवा म्हणजे साका अडकेल, दगडात बसणार नाही. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) खाली येते, ती मोजत राहा. हे मासे नसतानाच करायचं, साका कल्ल्यांत जातो.

मांजराकाठ, लातूर — १९ एप्रिल

महिनाभर दर तिसऱ्या दिवशी टाकलं. आकडा खाली यायचा, दोन दिवसांत परत चढायचा. ०.९, मग ०.६, मग ०.४. गेल्या आठवड्यात टाकणं बंद करून सहा दिवस वाट पाहिली. आज ०.०६ आहे आणि चढलेला नाही.

आरओचं पाणी एकूण ९० लिटर लागलं. गोदाकाठ सर, हिशोबात राहिलो.

बायकोने ड्रममध्ये डोकावून विचारलं, "एवढे दिवस कशाची आमटी शिजवताय?" पण रोज संध्याकाळी आकडा तीच लिहून ठेवायची.

गोदाकाठ, नांदेड — १९ एप्रिल

वाचून बरं वाटलं.

खाम, छत्रपती संभाजीनगर — २० एप्रिल

आता सायकलिंग. दगड स्वच्छ झालाय, पण पूर्ण निर्जीव आहे. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू त्यात वसवायचे आहेत. ड्रममध्येच करा आणि झाकण लावा. जिवाणूंना उजेड लागत नाही, शेवाळाला लागतो. मेलेला झिंगा टाकून कुजवायची जुनी पद्धत नको, त्यातून पुन्हा फॉस्फेट येतं. अमोनियम क्लोराईड वापरा.

मी माझ्या जुन्या टँकमधून मूठभर दगडाचे तुकडे आणि थोडी वाळू ओल्या कागदात गुंडाळून रात्रीच्या एसटीने पाठवतो. एप्टेशिया (टँकभर पसरणारं उपद्रवी समुद्रफूल) नाही हे भिंगातून बघून पाठवेन. बाटलीतले जिवाणू अमोनियाचं काम करतात, पण बारीक किडे, कोपेपॉड (ठिपक्याएवढे, झिंग्यांचे भाऊबंद), स्पंज हे बाटलीत येत नाहीत. ड्राय रॉकचा टँक पहिलं वर्ष उघडाबोडका राहतो तो यामुळेच.

तेरणा, धाराशिव — २० एप्रिल

अमोनियम क्लोराईड म्हणजे कल्हईवाले वापरतात तो नवसागर ना?

बिंदुसरा, बीड — २० एप्रिल

तोच! पण बाजारातला नवसागर शुद्ध नसतो. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून शुद्ध घ्या, ५०० ग्रॅमची बाटली जन्मभर पुरेल. १०० लिटरला २ पीपीएम अमोनिया आणायला साधारण ०.६३ ग्रॅम लागतो. मांजराभाऊंच्या ६० लिटरला ०.३८. चमच्याने अंदाज करू नका, ओळखीच्या सोनाराकडे मोजून पुड्या बांधून आणा.

नायट्राइट बघून घाबरू नका. खाऱ्या पाण्यात क्लोराईड भरपूर असल्याने ते गोड्या पाण्याइतकं घातक ठरत नाही. मात्र नायट्राइट असताना नायट्रेटच्या किटवर विश्वास ठेवू नका, आकडा खोटाच जास्त येतो.

मांजराकाठ, लातूर — १६ मे

बाहेर ४२ अंश. ड्रम न्हाणीघरात सावलीला ठेवलाय, झाकण थोडं सरकवून वर छोटा पंखा लावलाय. हवा इतकी कोरडी आहे की नुसत्या पंख्याने पाणी ३२ वरून २८.५ वर आलं. रोज दीड लिटर उडतं, तेवढं साधं आरओचं पाणी घालतो. खारं घालत नाही, मीठ उडत नाही.

लाईट जाते तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप. परवा साडेचार तास गेली होती.

काल रात्री २ पीपीएम अमोनिया टाकला, आज रात्री शून्य. नायट्राइटही शून्य.

खाम, छत्रपती संभाजीनगर — १६ मे

लागोपाठ तीनदा असं येऊ द्या, मग टँकमध्ये घ्या. दगड आधी काचेवर बसवायचा, वाळू नंतर. वाळूवर ठेवला तर मासे खाली उकरतात आणि रचना कलते. प्रत्येक दगड तीन ठिकाणी टेकला पाहिजे. सांध्याला जेलवाला सायनोॲक्रिलेट (सुपरग्लू) आणि त्यावर इपॉक्सी पुट्टी. काचेपासून चारही बाजूंनी चार बोटं जागा सोडा, पुढे पुसायला हात गेला पाहिजे. सगळाच्या सगळा दगड भरायचा हट्ट नको. दहा किलो पुष्कळ झाला, पाण्याला फिरायला वाट हवी.

मांजराकाठ, लातूर — २२ जून

टँक भरला. दोन बेटं केली, मध्ये घळ. साडेनऊ किलो दगड लागला, उरलेला सम्पमध्ये (फिल्टरच्या वेगळ्या टाकीत). पहिला पाऊसही याच आठवड्यात झाला. दिवे अजून दिवसाला चारच तास.

मांजराकाठ, लातूर — १९ जुलै

वाळूवर आणि दगडावर तपकिरी थर. पुसला की सुटतो, संध्याकाळपर्यंत पुन्हा हजर. फॉस्फेट ०.०५, नायट्रेट ८. सहा महिने घालवून हे कुठून आलं? खरं सांगतो, आज फार वाईट वाटलं.

बिंदुसरा, बीड — १९ जुलै

पुसला की सहज सुटतो, बुडबुडे नाहीत, चिकट दोरे नाहीत, म्हणजे डायटम, एक सूक्ष्म शेवाळ. हे दगडातून आलेलं नाही. डायटमला कवचासाठी सिलिका लागते. टँकमध्ये १५० लिटर पाणी भरलंत, त्याचं डीआय रेझिन (आरओनंतर उरलेले क्षार धरणारे दाणे) किती जुनं आहे?

आपली बोअरं बेसॉल्टमध्ये आहेत, त्यामुळे पाण्यात विरघळलेली सिलिका असतेच. आरओ बरीचशी अडवतो, उरलेली रेझिन धरतं. पण रेझिन थकलं की सगळ्यात आधी सिलिकाच सुटते, आणि टीडीएस मीटरला ती दिसत नाही. मीटर शून्य दाखवत राहतो.

मांजराकाठ, लातूर — १९ जुलै

जानेवारीपासून तेच रेझिन आहे. मीटर शून्य दाखवतोय म्हणून बदललंच नाही. उद्याच मागवतो.

मांजराकाठ, लातूर — ११ ऑगस्ट

नवीन रेझिन, वीस टक्के पाणी बदललं, सहा ट्रोकस गोगलगायी सोडल्या. मागच्या काचेवर तपकिरी राहिलंय, दगड जवळजवळ मोकळा. ॲसिडचा दगड आणि बिनॲसिडचा दगड आता शेजारी ठेवले तर ओळखू येत नाहीत. फक्त ॲसिडवाल्याच्या कडा गुळगुळीत आहेत. खामदादांच्या तुकड्यांजवळ रात्री टॉर्च मारला तर काचेवर पांढरे ठिपके पळतात, कोपेपॉड असावेत. पोरगी रोज झोपायच्या आधी ते बघायला उठून बसते.

मासे अजून नाहीत. गणपतीनंतर क्लाउन माशांची एक जोडी, क्वारंटाइनमधून काढून.

तेरणाभाऊ, ड्रम रिकामा आहे. लँथनमची अर्धी बाटली, सॉक, पंप आणि नवसागराच्या तीन पुड्या उरल्यात. तुम्हाला हवं तर घेऊन जा.

तेरणा, धाराशिव — ११ ऑगस्ट

रविवारी सकाळी येतो. माझा दगड ब्लीचमधून निघून गच्चीवर वाळतोय, पण पावसाची झड लागली आहे, चार दिवस ऊन नाही. क्लोरीनचा वास थोडा येतोच.

बिंदुसरा, बीड — ११ ऑगस्ट

वास आहे तोवर थांबा. नाहीतर थायोसल्फेट टाकलेल्या बादलीत रात्रभर ठेवा आणि मग लातूरला निघा.